हार घातलेला नवरा

माझा नवरा जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण दिवाळीपासून उठता-बसता मी हेच एक वाक्य लोकांना सांगत फिरतेय. भाजीवाल्या नलिनीने परवा कोथिंबिरीची जुडी फुकट पिशवीत टाकली. वर माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, लाखात एक माणूस होता." मी म्हटलं, "होता काय गं मेले? तो बघ पलीकडे, पानवाल्याकडे चुना मागतोय!" तिने मान वळवून नीट बघितलं आणि जुडीचे पैसे लावले.

आमचे हे म्हणजे नंदकुमार पेडणेकर. घाटकोपरच्या भटवाडीतच वाढलेले. सासरे गिरणीत होते, मूळ गाव कुडाळच्या बाजूला. ह्यांनी मुलुंडच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात जन्म काढला आणि रिटायर झाले. माणूस साधा. दारू नाही, तंबाखूचा एक बार सोडला तर व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. एकच खूळ, नाटक. आता नाटकवाला म्हटलं की तुम्ही विचाराल, कुठली भूमिका करायचे? तर कुठलीच नाही. हे प्रॉम्प्टर होते.

त्याचीही कथाच आहे. लग्नाआधी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात काम मिळेल म्हणून हे गेले. ऐन तालमीत प्रॉम्प्टरला कावीळ झाली. दिग्दर्शक म्हणाला, नंद्या, आजच्या दिवस तू विंगेत बस. तो आजचा दिवस पुढे आयुष्यभर चालला! मंडळाचं नाटक असो, कंपनीतर्फे कामगार स्पर्धेतलं असो, हे आपले विंगेत, हातात संहिता घेऊन. एकदा तर नायक अख्खं पान विसरला. ह्यांनी ते त्याला शब्द शब्द करून असं भरवलं की पहिल्या रांगेला पत्ता लागला नाही. नायकाला चषक मिळाला. ह्यांना वडापाव. आणि पुढच्या वर्षी काम मागायला गेले तर सगळे म्हणाले, "नंदू, तू स्टेजवर गेलास तर आम्हाला सांभाळणार कोण?" उपयोगी माणसाला कोणी जागेवरून हलू देत नाही, लिहून ठेवा. आमच्याकडे नाटकांचे ढीगभर फोटो आहेत. एकाही फोटोत हे नाहीत. एका फोटोत पडद्याच्या कडेला एक कोपर दिसतं, ते ह्यांचं.

विंगेतून कुजबुजून कुजबुजून ह्यांचा आवाजही तसाच झाला. घरात मीठ मागितलं तरी कानाशी काहीतरी कट शिजवल्यासारखं मागतात. माझा आवाज मात्र नाक्यापर्यंत जातो. कोणीतरी बोलायला हवं ना घरात!

तर आमच्या वरच्या मजल्यावर मालन राहते. तिची मुलगी शीतल. पोर हुशार, सीरियलमध्ये असिस्टंट डायरेक्टर आहे. गणपती झाल्यावर एका सकाळी ती धापा टाकत खाली आली. म्हणाली, "काका, एक फोटो हवाय. तुमचा. नवीन मालिका येतेय."

मालिकेचं नाव 'रेडकरांचं काही खरं नाही'. हल्ली मालिका सुरू होत नाहीत, पहिला सीझन सुरू होतो. विनोदी पण आहे आणि रडकी पण आहे, असं तिने सांगितलं. घरातले वडील गेलेले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. दोघे भाऊ एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत, मुलगी नवऱ्याला सोडून आलेली, आणि आईचं कोणी ऐकत नाही. भांडण झालं की जो तो येऊन वडिलांच्या फोटोसमोर कुरकुर करतो. त्या फोटोसाठी माणूस हवा होता.

"काका, तुमचा चेहरा ना, अगदी गेलेल्या माणसासारखा आहे," शीतल म्हणाली. मग माझं तोंड बघून घाईघाईने, "म्हणजे शांत, काकू! शांत."

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. "हार घालणार फोटोला?"

"प्लास्टिकचा गं काकू."

"जिवंत माणसाच्या फोटोला हार! डोकंबिकं फिरलंय काय तुझं? मी सवाष्ण बाई घरात फिरतेय, आणि तू ह्यांना भिंतीवर लटकवायला निघालीस?"

हे मधेच हळू आवाजात म्हणाले, "अगं, नाटकात किती जण मरतात. पडदा पडला की उठून चहा पितात."

"ते विंगेतून येऊन पितात. तुम्ही भिंतीवरून येणार आहात काय?"

आणि इथे त्या पोरीने गळ टाकला. म्हणाली, सीझनच्या शेवटच्या भागात फ्लॅशबॅक आहे. वडील जिवंत असतानाचा. "फोटोतलाच माणूस लागणार ना काका त्यात? तुम्हाला वाक्य आहे."

वाक्य! ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "किती मोठं?"

"छोटंच आहे. पण सगळ्या सीझनचा जीव त्यात आहे."

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, असं बघितलं, की माझं लाटणं खाली आलं. अख्खं आयुष्य ह्या माणसाने दुसऱ्यांची वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडात घातली. त्याला स्वतःचं एक मिळतंय, आणि मी हारावरून अडवू? तरी मी अट घातली. काचेला कुंकू लावायचं नाही, पुढे दिवा लावायचा नाही. शीतलने देवाशप्पथ घेतली.

पहिल्याच भागात काचेला कुंकवाचा टिळा, पुढे समई, वर उदबत्ती. मी टीव्हीसमोर उभी राहून जे काही बोलले ते मालनने वर ऐकलं आणि दोन दिवस आमचा जिना चुकवून मागच्या बाजूने ये-जा केली.

मालिका मात्र चालली. चालली म्हणजे काय, धावली! आणि त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा माणूस कोण, तर माझा नवरा. भाऊ भावावर ओरडला की कॅमेरा ह्यांच्यावर. मुलीने ताट आपटलं की कॅमेरा ह्यांच्यावर. धाकटा लपून सिगरेट ओढतो आणि फोटोला सांगतो, "बाबा, आईला सांगू नका," लगेच ह्यांचा शांत चेहरा. लोक हसून हसून लोळायचे. हे मात्र टीव्हीसमोर ओठ हलवत बसायचे. एका भागात थोरल्याने वाक्य जरा खाल्लं, तर हे सोफ्यावरून कुजबुजले, "'तुझ्या नादाला लागून', राहिलं."

बाहेर माझी काय वाट लागली ते मलाच माहीत. आमचा सर्वेश ठाण्याला राहतो. त्याच्या ऑफिसात त्याच्या साहेबाने उभं राहून खांद्यावर हात ठेवला. तो मला फोनवर ओरडला, "आई, बाबांना आवर गं!" मी म्हटलं, "मला माझं पोर आवरलं नाही, नवरा काय आवरणार."

त्यात गावाहून दिराचा, बाळाभावजींचा, फोन. त्यांनी कुडाळ स्टँडवरच्या हॉटेलात मालिकेची जाहिरात पाहिली. आवाज बंद होता. हार घातलेला भाऊ दिसला, पुढे समई दिसली, बाईमाणूस रडताना दिसलं. भावजी घरी गेले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि सुतक धरून बसले. गावच्या जत्रेत पालखीला खांदा द्यायचा मान पेडणेकरांचा. तो भावजींनी सुतक म्हणून चुलतघराला सोडला! आणि मग आठवड्याने मला फोन करून तणतणतात, "भाव मेलो तां माका टीव्हीर कळता, वैनी? माका कोणी कळवल्यान नाय!"

मी फोन ह्यांच्या हातात दिला. हे हळूच म्हणाले, "बाळा, मी नंदू." पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला.

हसू नका. मलाही हसू आलं होतं, नाही असं नाही. पण संक्रांतीला नाही आलं. दुसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, रेवती म्हणून मुलगी आहे, लग्न होऊन वर्ष झालं नसेल. तिचं पहिलं हळदीकुंकू. मी नवी साडी नेसून गेले. ती करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावत माझ्यापर्यंत आली आणि तिचा हात थांबला. गळ्यातलं मंगळसूत्र मी मुद्दाम पदरावर काढलं होतं, तरी थांबला. हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला चालेल ना?" तिची काय चूक? तिने ह्यांना टीव्हीवरच पाहिलं होतं. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिचा हात धरून माझ्या कपाळाला टेकवला, तिळगूळ घेतला आणि घरी येऊन दारातूनच ओरडले, "उद्याच्या उद्या तो फोटो खाली काढायला सांगा! नाहीतर मी जाऊन फोडते!"

हे खुर्चीत बसले होते. म्हणाले, "शूटिंगची तारीख आली." हातात एक कागद होता, घामाने मऊ झालेला. "वाक्य आलं."

मी काय बोलणार होते ते विसरले. "बघू," म्हटलं.

वाक्य होतं, "तू जेवलीस का?"

बस्स. एवढंच. रेडकर दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी येतो. बायको दारात, म्हणते, "किती उशीर केलात!" तो चपला काढतो आणि विचारतो, "तू जेवलीस का?" ती म्हणते, "तुमच्याशिवाय कधी जेवलेय?" सीन संपला. पुढे आजच्या काळात तीच बाई फोटोसमोर एकटी जेवायला बसते, आणि पोरं ते बघतात. भांडणं तिथे थांबतात.

तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून आमच्या घरात तालीम सुरू झाली. सकाळी मी चहा गाळतेय, मागून कुजबुज, "तू जेवलीस का?" मी कपडे वाळत घालतेय, "तू जेवलीस का?" एकदा मी भांडी घासत होते, कंबर दुखत होती, दुपार टळून गेली होती आणि खरंच पोटात काही नव्हतं. मागून आवाज आला, "तू जेवलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

हे म्हणाले, "तसं नाही. तुझं वाक्य, 'तुमच्याशिवाय कधी जेवलेय?' असं आहे."

माझ्या हातातला टोपच आपटला गेला. "तुमच्याशिवाय रोज जेवते मी! तुम्ही पारावर गप्पा झोडत बसता, आमटी तीनतीनदा गरम करायची, आणि मी थांबू? इतक्या वर्षांत एकदा विचारलंत हे? एकदा? परक्या बाईला टीव्हीवर विचारायला पाठ करताय!"

हे खूप विचारात पडल्यासारखे उभे राहिले. मला वाटलं, लागलं बहुतेक मनाला. तर म्हणाले, "हे चिडणं फार खरं आलं तुझं. पण इथे प्रेमाने हवंय." मी त्यांना क्यू, म्हणजे आधीचं वाक्य, द्यायचं त्या क्षणापासून बंद केलं. म्हटलं, आता तुमच्या भिंतीला सांगा क्यू द्यायला, तिच्यावर तर टांगलेच आहात.

शूटिंग मढला होतं, भाड्याच्या बंगल्यात. ह्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं, मी डबा घेऊन सोबत गेले. मेट्रोने वर्सोवा, मग बोटीने पलीकडे. बोटीत सुकट घेऊन बसलेल्या कोळणीने ह्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि देवाचं नाव घेतलं. हे ओठ हलवत बसले होते, त्यांना काही कळलं नाही.

बंगल्यात शिरलो तर हॉलमध्ये भिंतीवर हे. हारासकट. खाली खरे हे, रेडकरचा जुना शर्ट घालून, शर्टाच्या आत माइक लावून. मी नजर दुसरीकडे वळवली. डायरेक्टर मिहिर म्हणून तरुण मुलगा, बोलायला गोड. बायकोचं काम करणाऱ्या अनुपमाताई. नटी म्हणून नावाजलेल्या, पण ह्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "सगळा सीझन तुमच्याशी बोलतेय, आज उत्तर मिळणार." हे इतके लाजले.

ॲक्शन झालं. अनुपमाताई म्हणाल्या, "किती उशीर केलात!" ह्यांनी चपला काढल्या. वाक्य आलं. आलं, पण विंगेतलं. साउंडवाला ओरडला, "काका, आवाज!" परत. परत तेच. मिहिर जवळ येऊन समजावून गेला. मी कोपऱ्यात पदराची गाठ आवळत बसले होते. चौथ्यांदा का पाचव्यांदा आवाज जरा वर आला. "तू जेवलीस का?" बरं आलं हो! खरंच बरं आलं. मी श्वास सोडला.

आणि अनुपमाताई थांबल्या.

त्या थांबल्या ते मुद्दाम. मोठी नटी ती, उत्तर लगेच कशी देईल? ह्यांच्याकडे बघत राहिल्या, डोळे भरून आले, ओठ जरा हलला. सगळा बंगला स्तब्ध. आणि त्या शांततेत माझ्या नवऱ्याने हळूच सांगितलं, "तुमच्याशिवाय कधी..."

कट!

"सॉरी," हे म्हणाले. "मला वाटलं ताई विसरल्या."

पुढच्या वेळी हे दात आवळून उभे राहिले. पॉज आला. ह्यांच्या कपाळावर घाम. ताईंच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळला, आणि ह्यांच्या तोंडातून, "तुमच्याशिवाय..." अहो, आयुष्यभर ज्या माणसाने शांतता म्हणजे कोणीतरी बुडतंय असंच धरलं, तो हात पुढे केल्याशिवाय राहील कसा? मिहिरने सांगितलं, काका, त्या थांबणारच आहेत. हे म्हणाले, हो हो, कळलं. कळलं होतंच त्यांना. पण जीभ कुठे ऐकते! मला तर वाटलं, मी जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. शेवटी अनुपमाताईंनीच पॉज न घेता भरभर वाक्य म्हटलं, तर मिहिरने मान हलवली. त्यात जीव नव्हता, ते मलासुद्धा दिसलं.

"झकास झालं काका," मिहिर म्हणाला. "बघतो आम्ही एडिटमध्ये." नाटकवाल्या माणसाला 'बघतो' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. डबा तसाच परत आला. बोटीत हे एकदाच बोलले, "पॉज फार सुंदर घेत होत्या गं त्या."

आठवड्याने शीतल आली. दारातच उभी राहिली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. मी ओळखलं.

"काकू, चॅनेलने ठरवलं. शेवटच्या भागासाठी मोठा नट घेतलाय. सीन परत शूट केला. आणि मग फोटोही त्याचाच लागणार ना, शेवटच्या भागात फोटो बदललाय." पोर रडवेली झाली होती. "मी खूप भांडले, काकू."

आता बघा गंमत. सबंध सीझनभर मी बोंबलत होते, फोटो काढा, फोटो काढा. काढला. खूश व्हायला हवं की नाही? माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. "बदलला? असा कसा बदलला? इतके दिवस तुमचं सगळं ऐकून घेतलं ह्यांनी! त्या मेल्यांची भांडणं, सिगरेटी, रडगाणी! माझ्या कपाळावर कुंकू लावताना लोकांचे हात थांबले, माझ्या दिराने पालखी सोडली, आणि आता आयत्या बिळावर तो नागोबा येऊन बसणार? काही नाही! परत लावा ह्यांना! हार घाला, दिवा लावा, कुंकू फासा, मला चालेल! पण ह्यांना परत लावा!"

मालन वरून जिन्यात येऊन उभी राहिली. सगळे दरवाजे उघडले. माझा आवाज आणि माझी भाषा काय सांगावी. आणि हे? ह्यांनी शीतलच्या हातातून फ्रेम घेतली, म्हणाले, "चहा घेणार गं?" मला कोणावर जास्त चीड आली, चॅनेलवर की ह्यांच्यावर, मला आजही सांगता येणार नाही.

फ्रेम मी कपाटामागे सरकवली. हार ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला.

रविवारी दुपारी शेवटचा भाग, महाएपिसोड. मी म्हटलं, टीव्ही लावायचा नाही. ह्यांनी लावला. मी सकाळपासून मुद्दाम कामं काढली, वाटप वाटलं, सोलकढी केली, तांदूळ निवडले. रागाने काही पोटात ढकललं नव्हतं. हे एकटेच बाहेर बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून एका डोळ्याने बघत होते, खोटं कशाला बोला.

सीन आला. "किती उशीर केलात!" त्या नटाने चपला काढल्या. रुबाबदार माणूस, भरदार आवाज. आणि त्याने विचारण्याच्या आधी, माझ्या सोफ्यावरून, हळूच, "तू जेवलीस का?" हे त्याला प्रॉम्प्ट करत होते! मग तो म्हणाला. सुरेख म्हणाला, मेला. अनुपमाताई थांबल्या. वर मालनच्या घरात हुंदका ऐकू आला. ह्यांनी ओठ घट्ट मिटून धरले आणि तो अख्खा पॉज जाऊ दिला. तिथे नाही जमलं ते इथे जमलं.

मालिका संपली. ह्यांनी टीव्ही बंद केला, म्हणाले, "चांगलं केलं त्याने."

माझा बांध फुटला. "चांगलं केलं? अहो, तुमचं होतं ते! तुमचं वाक्य! एकदा तरी चिडा ना! जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवलीत, एक तुम्हाला मिळालं ते हिसकावून घेतलं, आणि तुम्ही त्यालासुद्धा विंगेतून सांगताय? तुमच्या अंगात रक्त आहे की इसबगोल?"

हे खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "मला यायला हवं होतं गं. आलं नाही. चीड येतेय ना मला, ती त्याचीच." आणि चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा किती म्हातारा दिसतो, ते मी तोवर नीट पाहिलं नव्हतं.

माझा राग होता तिथेच राहिला, फक्त तो कोणावर काढायचा ते कळेना. मी आत गेले. ताट एकच मांडलं होतं, ह्यांचं. आमटीचा गॅस बारीक केला. मग काय झालं मला कोण जाणे. पदराला हात पुसत दारात आले, आणि म्हटलं,

"किती उशीर केलात!"

ह्यांनी वर बघितलं. मी तशीच उभी. हे पण तसेच. खाली कोणाची तरी रिक्षा थांबली, गेली. ह्यांचे ओठ हलेनात. मला वाक्य येत होतं, घरातल्या भांड्यांनासुद्धा येत होतं, जिभेच्या टोकावर आलं होतं आणि मी ते दातांखाली दाबून धरलं. तेव्हा मला कळलं, ते मढच्या बंगल्यात ह्यांना किती कठीण गेलं असेल.

आणि हे उभे राहिले. "तू जेवलीस का?"

मोठ्याने. इतक्या मोठ्याने की मी दचकले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. खिडकीत बसलेलं कबूतर उडालं. आणि वरून मालन ओरडली, "जेवले हो भावोजी! आत्ताच! तुम्ही?"

हे घाबरून खिडकीकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. आणि परत विचारलं, या वेळी घरातल्या आवाजात, पण कुजबुजून नाही. "जेवलीस का गं?"

मी म्हटलं, "नाही."

मी वाट बघितली. म्हणतील, तुझं वाक्य असं नाही. नाही म्हणाले. चष्मा घातला, स्वयंपाकघरात माझ्या बाजूने आत शिरले, आणि दुसरं ताट घ्यायला मांडणीपुढे जाऊन उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं, एक डबा उघडून पाहिला, त्यात पोहे होते. इतक्या वर्षांत ताटं कुठे असतात ते ह्यांना माहीत नव्हतं.

मी दारातूनच हळू आवाजात सांगितलं, "डावीकडे. खालच्या फळीवर."